नॉर्डियाला ज्युरीचं बोलावणं

ग्वावा रिज, जमैका
२२ जानेवारी १९९७

नॉवलेट, बाळे,

हे कागद पोचतील तेव्हा तुझे गुडघे दुखत नसोत, आणि बर्मिंगहॅमच्या थंडीत तुझी खोली उबदार असो. मी मजेत आहे. इतकी मजेत, की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, आणि इथं ज्यांना सांगायचं त्या सगळ्यांना सांगून झालंय. आता तूच उरलीस.

तुझं पिंप ख्रिसमसच्या चार दिवस आधी आलं. तांदूळ, साबण, मटणाचे डबे, पडद्याचं कापड, सगळं नीट पोचलं. मी पार तळापर्यंत हात घालून पाहिलं. पत्र नव्हतं. सहा वर्षं नसतंच, तरी मी दर वेळी हात घालते, आणि मग मला खांद्यापर्यंत साबणाचा वास येतो. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. तू पिंप पाठवतेस हेच खूप. आमच्या चर्चमधल्या मिस यूफीची मुलगी कॅनडात आहे, ती तर नाताळचं कार्डही पाठवत नाही.

आता खरी बातमी. तुझी लेक नॉर्डिया दोन वर्षांत एकदाही आजारी पडली नाही. दोन वर्षं, बाई! आणि सप्टेंबरपासून ती चर्चच्या हॉलमधल्या बालवाडीत मिसेस बिन्सच्या हाताखाली शिकवते. चार वर्षांची चिमुरडी तिला ‘टीचर नॉर्डी’ म्हणतात. परवा मी अंबाडीची वाळलेली लाल बोंडं द्यायला म्हणून गेले (या वर्षी अंबाडी अशी आली की सरबत करून करून बोटं लाल झाली), तर ही मधोमध बसलेली, दोन पोरं मांडीवर, एक पाठीवर, आणि बाकीची तिला बेडकाचं गाणं शिकवत होती. तिनं त्यांना शिकवायचं की त्यांनी तिला, ते मला कळलं नाही. पण ती हसत होती. तोंड उघडून हसत होती. मी दाराआड उभी राहून बघितलं आणि अंबाडी तशीच परत घेऊन आले.

महिन्यातून एकदा दवाखान्यात नर्स डॅली येते, इंजेक्शन देते. त्या दिवशी नॉर्डिया जरा जड चालते, दुपारभर झोपते. बाकी सगळं ठीक. शेजारची झेल्फा कुंपणावरून बोलायची थांबत नाही. परवा म्हणाली, “आयोनी, ते मिसेस बिन्सला ठाऊक आहे ना गं, हिचं काय होतं ते?” मी म्हटलं, “मिसेस बिन्सला सगळं ठाऊक आहे, तू स्वतःची कोंबडी आवर, माझी रोपं उकरतेय.” खरं म्हणजे मिसेस बिन्सला ठाऊक नाही. आम्ही सांगितलेलं नाही. कशाला सांगायचं?

आणखी एक किरकोळ गोष्ट. काल पोलिसांची जीप वर आली होती. काही नाही, कसलासा सरकारी कागद होता. मी परत पाठवला.

तुझी आई
आयोनी

ग्वावा रिज
२७ जानेवारी

नॉवलेट,

गोष्ट किरकोळ नव्हती. मागच्या पत्रात मी ती शेवटी घुसडली, म्हणजे तुला शंका आलीच असणार. लहानपणापासून तुला माझी सगळी सोंगं कळतात.

झालं ते असं. मी अंगणात माठाची भाजी निवडत होते. वळणावर जीप दिसली आणि मी सगळी भाजी मातीत सांडली. तू तेव्हा इथं नव्हतीस. सहा वर्षांपूर्वी अशीच जीप आली होती, आणि ती मीच बोलावली होती. नॉर्डिया एकोणीस वर्षांची, तीन दिवस जेवली नव्हती, कौलांवर माणसं बसलीत म्हणून ओरडत होती, कोयता घेऊन फिरत होती. मला दुसरं सुचलं नाही. दोघांनी तिचे हात मागे बांधले आणि तिला किंग्स्टनच्या इस्पितळात नेलं. जाताना ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तर ही दुसरी जीप. आत पोरगेला कॉन्स्टेबल, ग्रँट नावाचा, नवीनच बदलून आलेला. विचारतो, “मिस नॉर्डिया टलॉक इथंच राहतात ना?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग कुठं असतात?”

“गेली.”

“कुठं गेल्या?”

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “देवाघरी.”

त्यानं टोपी काढली. बिचारा इतका ओशाळला. “कधी झालं हे?” मी म्हटलं, परवा. “कशानं?” मी म्हटलं, डोकं दुखलं आणि गेली. एकदा तोंड सुटल्यावर मला थांबताच येईना, बाई, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. त्यानं कागदाच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, माझा हात हातात धरला आणि म्हणाला, “धीर धरा, मिस आयोनी.” मी धीर धरला. जीप गेल्यावर भाजी निवडून पूर्ण केली. मला वाटलं, सुटले. नॉर्डियाला काही सांगितलं नाही.

पण तो पोरगा खाली ब्रूकसाइडच्या दुकानात थांबला आणि वर ग्वावा रिजला टलॉकांकडं मयत झालंय असं सांगून गेला. आणि ब्रूकसाइडला कोण राहतं? तुझ्या बापाचा चुलतभाऊ, मास राल्स्टन.

आपल्याकडे मयताच्या घरी कसं बसायला येतात ते तू विसरली नसशील. गुरुवारी संध्याकाळी, अजून ऊन होतं, एक गाडी भरून माणसं उतरली. बाकं उतरली. डॉमिनोचं टेबल उतरलं. तळलेले मासे, कॉफीची किटली, पाव, रमच्या दोन बाटल्या, प्रार्थनेची पुस्तकं. मास राल्स्टननं मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर खरोखर रडला. मी काय बोलणार? मला खुर्चीत बसवलं, कॉफी दिली. नॉर्डिया अजून शाळेत होती. मी एक मासाही खाल्ला, खोटं कशाला सांगू? आणि झेल्फा! तिनं सकाळीच नॉर्डियाला शाळेत जाताना बघितलं होतं, तरी मासे बघून कुंपण ओलांडून आली आणि डोळे पुसत बाकावर बसली. मी तिच्याकडं बघते, ती माझ्याकडं बघते. तिनं मासा उचलला.

भजनाचं दुसरं कडवं चालू होतं आणि नॉर्डिया फाटकातून आत आली. हाताला खडूची पूड, पिशवीत पोरांच्या पाट्या.

मास राल्स्टनचा आवाज असा तुटला जसा कुणी दोर कापावा. एक बाई सरळ माझ्या अळूत जाऊन पडली. दुसरी, तिचं नाव मला आठवत नाही, निळ्या टोपीवाली, पुढं झाली आणि अगदी अदबीनं म्हणाली, “पोरी, तू जिवंत आहेस का? नीट सांग, म्हणजे आम्हाला काय करायचं ते कळेल.”

नॉर्डिया म्हणाली, “आहे मी जिवंत. गेलंय कोण?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेवटी झेल्फा म्हणाली, “तूच गं.”

आधी ती हसली. सगळे हसले. मास राल्स्टन तर रमची बाटली उघडून म्हणाला, “आणलंच आहे तर आता परत कशाला न्यायचं!” डॉमिनोचे डाव रंगले. पण नॉर्डिया आत गेली आणि माणसं पांगेपर्यंत बाहेर आली नाही. मग मी आत गेले, सगळं सांगितलं, जीप, कॉन्स्टेबल, सगळं. ती पलंगावर बसली होती. म्हणाली, “आजी, लोकांनी मला वेडी म्हणू नये म्हणून तू मला मेली म्हणालीस?”

मी म्हटलं, “मी घाबरले होते गं.”

ती म्हणाली, “वेडी जिवंत असते, आजी.”

त्यानंतर दोन दिवस ती शाळेत गेली नाही. जेवली नाही. मी कारल्याच्या वेलाचा काढा करून दाराशी ठेवायची आणि गार झालेला परत न्यायची. मला वाटलं, संपलं. तिची बरी गेलेली दोन वर्षं मी एका तोंडानं खाऊन टाकली.

हे मी तुला का लिहिते, तर सहा वर्षांपूर्वी तुलाही मी असंच फसवलं. ती आठ महिने इस्पितळात होती आणि मी तुला लिहीत होते की ती किंग्स्टनला टायपिंग शिकते. तुला तुझ्या चर्चमधल्या कुणा बाईकडून कळलं. तू शेवटच्या पत्रात लिहिलंस, “माझी मुलगी तू माझ्यापासून लपवलीस.” मी तेव्हा म्हटलं, तुझा जीव तिकडे कशाला पोळायचा. पण ते कारण नव्हतं. मला लाज वाटत होती. नॉर्डियाची नव्हे गं. लोकांची. म्हणजे काय ते मला लिहिता येत नाही, तू समजून घे.

आई

१८ फेब्रुवारी

नॉवलेट,

ती उठली! मागच्या पत्रात मी तुला टांगून ठेवलं, पण पाकीट त्याच दिवशी टाकायचं होतं, मिस यूफीचा धाकटा जावई बंदरावर निघाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर ही अंघोळ करून, केस विंचरून, चर्चचा पांढरा ब्लाउज घालून उभी. म्हणाली, “मी पोलीस चौकीत चालले.” मी म्हटलं, “कशाला?” म्हणाली, “माझा कागद आणायला. माझ्या नावाचा होता ना?” मी मागोमाग निघाले. तिनं नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. दोघी उतारावरून चाललो, ती पुढं, मी मागं, जशी काही ओळखच नाही.

चौकीत कॉन्स्टेबल ग्रँटनं तिला बघितलं आणि उभाच राहिला. ती म्हणाली, “मी नॉर्डिया टलॉक. माझा कागद द्या.” बिचाऱ्याला घाम फुटला. कागद तर त्यानं मागं ‘मयत’ लिहून कोर्टाला परत पाठवला होता. माझ्याकडं बघून म्हणतो, “मिस आयोनी, तुम्ही तर मला अश्रू दाखवले!” मी म्हटलं, “ते कांद्याचे होते.” कांदा नव्हता, माठ होता, पण काहीतरी बोलायला हवं.

तेव्हा कळलं कागद कसला. मोठं कोर्ट वर्षातून तीनदा खाली बंदराच्या गावात भरतं ना, त्याच्या ज्युरीत बसायचं बोलावणं होतं! मतदार यादीतून नावं काढतात आणि बोलावणी पोलीस घरोघर वाटतात. मी बाई काय काय समजले होते. कॉन्स्टेबल म्हणाला, “आता एकच. तीन मार्चला कोर्ट उघडेल, त्या दिवशी स्वतः जाऊन उभ्या राहा आणि जिवंत आहात ते सांगा. यायला जमणार नसेल तर त्याचंही कारण तिथंच सांगायचं.”

येताना ती माझ्याशी बोलली. म्हणाली, “आजी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझं मत विचारायला बोलावलंय.” तिला बसायचं होतं, नॉवलेट. ज्युरीत बसायचं होतं. लोक कोर्टाचं बोलावणं चुकवायला पलंगाखाली लपतात, आणि हिचे डोळे चमकत होते.

बुधवारी नर्स डॅली आली. मीही खोलीत होते. नॉर्डियानं विचारलं, “बसू का मी?” नर्स लबाड आहे, सरळ उत्तर देत नाही. म्हणाली, “तुला काय वाटतं?” नॉर्डियानं एकेक बोट उघडत मोजायला घेतलं. मग म्हणाली, “तीन आठवडे बंद खोलीत बसून कुणी कुणाला कसं मारलं ते ऐकायचं. फोटो बघायचे. घरी येऊन कुणाशी बोलायचं नाही. इंजेक्शनच्या दिवशी तर मला माझंच नाव ऐकू येत नाही. आणि एखाद्या माणसाचा जन्म माझ्या हातात.” तिनं मूठ मिटली. “पुन्हा आवाज यायला लागतील. या वर्षी नाही झेपणार.” आणि रडली. मी म्हटलं, आता कोसळेल. पण नर्सनं तिला रडू दिलं, मग रुमाल देऊन म्हणाली, “मग हेच सांगायचं. डॉक्टरांचं पत्र मी आणून देते.”

इथं मी तोंड घातलं. मी म्हटलं, “डॉक्टरांना सांगा, साखर लिहा. नाहीतर ब्लडप्रेशर. सगळे तेच सांगतात, कुणी हसत नाही.” कोर्टात म्हणे नाव पुकारतात आणि भरल्या खोलीत उभं राहून कारण सांगावं लागतं. मिस यूफीचा नवरा एकदा गेला होता, त्यानं सांगितलंय. अख्खा जिल्हा तिथं बसलेला असतो. टीचर नॉर्डी मनाची आजारी आहे हे बस डोंगर चढायच्या आत मिसेस बिन्सच्या कानावर जाणार. मग तिच्याकडं लेकरं कोण पाठवणार? बेडकाचं गाणं गेलं, सगळं गेलं.

नर्स म्हणाली, “मिस आयोनी, साखर तुमची वाढलीय, तिची नाही.”

नॉर्डिया म्हणाली, “आजी, तू एकदा माझ्या बाजूनं खोटं बोललीस तर मास राल्स्टन बाकं घेऊन आला. आता माझं मला बोलू दे.”

पत्र आलं. बंद पाकिटात आहे, आमच्या बायबलमध्ये ठेवलंय. मी उजेडासमोर धरून पाहिलं. काही दिसलं नाही.

आई

५ मार्च

नॉवलेट, नॉवलेट!

खुर्चीत बसवत नाही मला, उभ्यानंच लिहिते, कपाटावर कागद ठेवून. अक्षर बघून ओळखशीलच.

सोमवारी पहाटेची बस धरली. नॉर्डियानं तू पाठवलेले जांभळे बूट घातले. मी माझी लग्नाकार्यातली टोपी. बसमध्ये झेल्फा! म्हणे, “मला बंदरावर मासे घ्यायचेत.” सोमवारी ताजे मासे कुठं असतात? तमाशा बघायला निघाली होती, दुसरं काय.

कोर्ट वरच्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूला. खिडक्या उघड्या, तरी माणसांची इतकी दाटी की माझी टोपी तीन वेळा पडली. न्यायाधीश बाई होती, म्हातारी, चष्मा नाकाच्या टोकावर. रजिस्ट्रार एकेक नाव पुकारी आणि ज्यांना सुटका हवी ते पुढं जाऊन कारण सांगत. बाई गं, काय एकेक कारणं! एक जण म्हणाला, बायको बाळंत व्हायची आहे. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “गेल्या खेपेलाही व्हायची होती.” तो म्हणाला, “उशीर झालाय जरा.” सगळं कोर्ट हसलं. एक बाई म्हणाली ब्लडप्रेशर, तिच्यामागची म्हणाली ब्लडप्रेशर, तिच्यामागचाही. एकानं सांगितलं की त्याच्या धर्मात दुसऱ्याचा न्याय करत नाहीत, तर मागून कुणीतरी ओरडलं, “तुझ्या धर्मात कोंबड्या चोरतात फक्त!”

मला पुन्हा वाटलं, साखर सांग गं पोरी. नुसतं साखर म्हण. कुणाला कळणार आहे? मी तिच्या कोपराला हात लावला. तिनं माझा हात धरला आणि हळूच माझ्या मांडीवर परत ठेवला.

“नॉर्डिया टलॉक,” रजिस्ट्रार म्हणाला आणि अडखळला. “मयत, असा शेरा आहे.”

“हजर,” नॉर्डिया म्हणाली.

काय हशा पिकला! पार खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली असतील. न्यायाधीशबाईंनी टेबलावर हात आपटला. “शांतता! मुली, हा शेरा कुणी दिला?”

नॉर्डिया ताठ उभी. ती माझं नाव घेणार नव्हती, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. कॉन्स्टेबल ग्रँट भिंतीशी उभा होता, त्याचा चेहरा भिंतीसारखा. मग मी उठले. टोपी चौथ्यांदा पडली. मी म्हटलं, “मी दिला, साहेबबाई. मी तिची आजी.”

“तुम्ही पोलिसांना सांगितलंत की तुमची नात वारली?”

“हो.”

“का?”

मी वर्षानुवर्षं किती खोटं बोलले असेन, नॉवलेट, मला ते इतकं सोपं जातं. तेव्हाही तोंडावर आलंच होतं: म्हातारपण, बहिरेपण, काहीही. पण माझी नात समोर उभी होती, सरळ. मी म्हटलं, “ती आजारी होती, तेव्हा पोलीस तिला घेऊन गेले होते. या वेळी जीप बघून मला वाटलं, पुन्हा न्यायला आले. म्हणून म्हटलं, नेता येणार नाही असं काहीतरी सांगावं.”

कुणी हसलं नाही. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर सरकवला. म्हणाल्या, “बसा, मावशी. पुन्हा असं सांगाल तर मी तुम्हाला आत बसवेन.” मी म्हटलं, “नाही सांगणार.” कॉन्स्टेबल ग्रँटनं इतका मोठा श्वास सोडला की मला ऐकू आला.

मग नॉर्डियानं पाकीट दिलं. बाईंनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, “वैद्यकीय कारणानं सूट. जाऊ शकतेस.” झालं! एवढंच! कारण बोलावंच लागलं नाही! मी आनंदानं उडायचीच बाकी होते. तेवढ्यात ब्लडप्रेशरवाल्यांतला एक जण, त्याला सूट मिळाली नव्हती, मोठ्यानं म्हणाला, “हिला काय झालंय? चांगली धडधाकट दिसतेय. आम्हालाही सांगा तो आजार, आम्हीही पडतो आजारी.”

पुन्हा हशा. नॉर्डिया जाता जाता थांबली. वळली. मी मनात म्हटलं, नको, नको, नको.

ती म्हणाली, “माझं मन आजारी पडतं. नसलेली माणसं बोलताना ऐकू येतात. औषध घेते, म्हणून दोन वर्षं बरी आहे. मला इथं बसायला आवडलं असतं. पण खटला चालू असताना मला आवाज यायला लागले, तर कुणाचा तरी गळा चुकून फासात अडकेल.” आणि त्या माणसाला अगदी साधेपणानं विचारलं, “तुम्हाला हवाय का हा आजार?”

तो माणूस आपल्या बुटांकडं बघायला लागला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मिस टलॉक, आपल्याला काय झेपत नाही हे खरं सांगणारी आज सकाळपासून तू पहिलीच आहेस. दोन वर्षांनी तुझं नाव पुन्हा यादीत आलं तर चालेल ना?”

“चालेल,” नॉर्डिया म्हणाली. “जीप आजीला दिसेल अशी लावू नका, एवढंच.”

मग मात्र न्यायाधीशबाईसुद्धा हसल्या.

बाहेर येऊन आम्ही जिन्यावर बसलो आणि नॉर्डियानं जांभळे बूट काढून पाय मोकळे केले. मी तिला भाजलेला निरफणस दिला, घरून कागदात गुंडाळून नेला होता. तिनं मनापासून खाल्ला. मलाही एक तुकडा दिला. मी म्हटलं, “आता सगळ्यांना कळलं.” ती म्हणाली, “हो. आता मला आठवत बसायला नको, कुणाला ठाऊक आहे आणि कुणाला नाही.”

झेल्फा परतीच्या बसमध्ये नव्हती. आधीच्या बसनं गेली. बातमी तिच्याबरोबर गेली, हे सांगायला नकोच.

आई

२१ मार्च

नॉवलेट, बाळे,

तुला वाटत असेल आता काय. तेच सांगते.

कोर्टाच्या दुसऱ्या दिवशी नॉर्डिया शाळेत गेली तर दोन पोरं आली नव्हती. तिसऱ्या दिवशी पाच. एक बाई हॉलच्या दाराशी येऊन मिसेस बिन्सला म्हणाली, “टीचर, माझं लेकरू मी असल्या बाईच्या हातात देणार नाही.” हे मला नॉर्डियानं सांगितलं नाही, मिसेस बिन्सनं सांगितलं. ती रविवारी चर्चनंतर माझ्याकडं आली. मी घाबरून तिला तिसरा कप चहा दिला, कारण चहा संपेपर्यंत कुणी वाईट बातमी देत नाही.

ती म्हणाली, “मिस आयोनी, मला सप्टेंबरातच सांगायला हवं होतं तुम्ही.”

मी म्हटलं, “सांगितलं असतं तर घेतलं असतं का?”

तिनं चमचा बशीत ठेवला. म्हणाली, “खरं सांगू? नसतं घेतलं.” मग म्हणाली, “पण आता मी सहा महिने तिला पाहिलंय.” तिनं शाळेच्या समितीला सांगून टाकलंय की नॉर्डिया राहील, इंजेक्शनच्या दिवशी सुट्टी घेईल आणि तब्येत बिघडतेय असं वाटलं तर स्वतः सांगेल. कोर्टात सांगितलं, तसं. पाचांतली तीन पोरं परत आली. दोन नाही आली. एकाची आई रस्त्यात नॉर्डियाला बघून पलीकडच्या बाजूनं जाते. सगळंच गोड झालं असं मी लिहिणार नाही, मला आता खरं लिहायची सवय लावून घ्यायची आहे.

आणि झेल्फा. परवा सकाळी कुंपणाशी आली. हातात कोनफळ, हे एवढं, तिच्या बागेतलं सगळ्यात चांगलं. मला वाटलं आता टोमणा येणार. ती म्हणाली, “आयोनी, हे ठेव.” मी म्हटलं, “का?” म्हणाली, “असंच.” झेल्फा असंच काही देत नाही, तिनं मला एकदा मिरची दिली होती तर आठवडाभर मोजून दाखवली. कोनफळ देऊनही ती जाईना. कोंबड्यांचं बोलली, पाण्याचं बोलली. मग कुंपणाची तार खाजवत म्हणाली, “ती नर्स. कुठल्या वारी येते?”

तुला तिचा धाकटा, एव्हर्टन, आठवतो का? चांगला सुतार होता. दोन वर्षं झाली, कुणी त्याला पाहिलेलं नाही. झेल्फा सांगायची, अमेरिकेत गेला, शेतावर काम करतो. नॉवलेट, तो मागच्या खोलीत होता. दोन वर्षं, माझ्या कुंपणापासून वीस पावलांवर! मी लपवत होते इकडे, ती लपवत होती तिकडे, आणि मधे आम्ही कोंबड्यांवरून भांडत होतो.

मी म्हटलं, “बुधवारी. दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी.”

ती म्हणाली, “तो यायचा नाही. कुणाचंच ऐकत नाही.”

नॉर्डिया अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं. चिमटे तोंडातून काढून म्हणाली, “मी बोलू का त्याच्याशी? दाराबाहेरून?” आणि गेली. मी आणि झेल्फा इकडेच उभ्या. ती त्याच्या दाराशी जमिनीवर बसली आणि काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. दार उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही ती शाळेतून येऊन तिथं बसली, आणि काल आतून त्यानं काहीतरी विचारलं म्हणे. काय विचारलं ते ती सांगत नाही. म्हणते, “ते त्याचं आहे, आजी.” मी कशीबशी गप्प बसले. मला किती जड जातं, तुला कल्पना आहे.

आता शेवटचं. गेले चार दिवस नॉर्डिया पोरं झोपली की शाळेत बसून तुला पत्र लिहिते आहे. इस्पितळातल्या आठ महिन्यांचं. मी म्हटलं, माझ्या पाकिटात घाल, एकच तिकीट लागेल. नको म्हणाली. स्वतःचं पाकीट आणलं, स्वतःचं तिकीट चिकटवलं, तुझा पत्ता मला न विचारता लिहिला. तिला पाठ होता. मी ते वाचलेलं नाही. उजेडासमोरही धरलं नाही. त्यात माझ्याबद्दल वाईट असेल, असायलाच हवं, आणि मी बांधायला लावलेल्या हातांनी तिनं ते लिहिलंय, तेव्हा जे लिहिलं असेल ते खरं धर.

तुला तिला उत्तर द्यावंसं वाटलं, तर थेट तिच्या नावानं दे. माझ्या नावावर नको.

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी टाकतेय, म्हणजे एकाच दिवशी पोचतील. तिचं आधी वाच. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं, आता तू इथपर्यंत येऊन पोचलीस. बरं, राहू दे. उठ, चहा कर, आणि मग ते उघड.

तुझी आई
आयोनी